लेझर हेअर रिमूव्हलचं मशीन घ्यायचंय? हप्ता सुरू होण्याआधी हा धडा वाचा



"सर, पार्लर बरं चाललंय. आता लेझरचं मशीन घेऊ का? डीलर म्हणतो दोन दिवसांचं ट्रेनिंग देतो, सर्टिफिकेट देतो, हप्ताही बसवून देतो." भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे या भागातल्या पार्लरवाल्या ताईंकडून हा प्रश्न सारखा येतो. व्हिडिओत थोडक्यात उत्तर दिलंय. इथे सविस्तर बघू, कारण यात दोन गोष्टी पणाला लागतात: तुमचे सात-आठ लाख रुपये आणि समोरच्या बाईचा चेहरा.

मागणी खरी आहे, हे आधी मान्य करू. भुसावळ हे रेल्वेचं गाव. शिवाय दीपनगरचं वीज केंद्र आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणजे पगारदार घरं भरपूर. मुली शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, तिथे लेझर करून घेतात आणि सुट्टीत आल्या की बहिणीला, वहिनीला सांगतात. दर पंधरा दिवसांनी हनुवटीचं थ्रेडिंग करून कंटाळलेली ताई मग तुम्हालाच विचारते, "तुमच्याकडे लेझर नाही का?" गिऱ्हाईक दारात उभं आहे. पण ही सेवा फेशियल-वॅक्सिंगच्या रांगेत बसणारी नाही. का, ते एकेक करून समजून घ्या.

१. लेझर नेमकं काय करतं?

केसाचा काळा रंग मेलॅनिनमुळे असतो. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश त्वचेवर टाकला की मेलॅनिन तो शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती उष्णता केसाच्या मुळापर्यंत जाऊन मूळ निकामी करते. आजूबाजूची त्वचा वाचवायची आणि फक्त रंगाचं लक्ष्य तापवायचं, हे तत्त्व अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलं. या कामासाठीच्या पहिल्या लेझरला तिथल्या एफडीएने १९९५ मध्ये परवानगी दिली.

यातून चार गोष्टी निघतात. गिऱ्हाइकाला सांगता याव्यात म्हणून त्या पाठच करून ठेवा.

- केसात रंग नसेल तर लेझरला लक्ष्यच नाही. पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. पन्नाशीच्या काकूंच्या हनुवटीवरचे पांढरे केस लेझरने जातील असं सांगणं म्हणजे फसवणूक.
- सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझरचा उपयोग वाढणाऱ्या केसांवरच नीट होतो. म्हणून साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी, हातापायांना त्याहून जास्त अंतराने.
- मूळ जागेवर असायला हवं. त्यामुळे आधीचे साधारण चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, प्लकिंग बंद. सिटिंगच्या आदल्या दिवशी रेझर चालतं. "रेझरने केस दाट येतात" असं बायका म्हणतात, पण ते खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते राठ लागतं, एवढंच.
- एफडीएने मान्य केलेला शब्द केस "कायमचे कमी होणे" असा आहे, "कायमचे जाणे" असा नाही. नंतर वर्षातून एखादं-दुसरं सिटिंग लागू शकतं. बोर्डावर "१००% कायमस्वरूपी" लिहिलंत तर पहिली चूक तिथेच झाली.

२. आपली त्वचा आणि आपलं ऊन

हा भाग नीट वाचा, कारण भाजण्याच्या बऱ्याच घटनांचं मूळ इथे आहे.

मेलॅनिन केसात असतं, तसं त्वचेतही असतं. त्वचा जितकी सावळी, तितकं ती स्वतःच प्रकाश शोषून घेते आणि तापते. डॉक्टर लोक त्वचेचे सहा प्रकार धरतात. त्याला फिट्झपॅट्रिक प्रकार म्हणतात. भारतीय त्वचा बहुतेक करून चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेलं सेटिंग आपल्याकडे तसंच लावलं तर फोड येतात आणि फोड गेल्यावर काळे किंवा पांढरे डाग राहतात. ते जायला महिने लागतात, कधी कधी जातच नाहीत.

म्हणून मशीनचा प्रकार महत्त्वाचा. अलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, डायोडची ८०० ते ८१० च्या आसपास, एनडी-यॅगची १०६४. लांबी वाढते तसा प्रकाश वरच्या थरातल्या रंगात कमी अडकतो आणि खोल जातो. त्यामुळे गडद त्वचेला एनडी-यॅग जास्त सुरक्षित मानतात. डायोडही वापरतात, पण थंड करणारं टोक आणि योग्य सेटिंग असेल तरच. आणि आयपीएल म्हणजे लेझर नव्हेच. तो अनेक तरंगलांबींचा मिश्र झोत असतो आणि सावळ्या त्वचेवर त्याचा धोका जास्त. बाजारात आयपीएललाच "लेझर" म्हणून विकतात. डीलरला पहिला प्रश्न हाच विचारा.

आता आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाने रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेलं असतं. अशा त्वचेवर लेझर मारू नये, रापलेपणा उतरेपर्यंत थांबावं. सिटिंगनंतरही उन्हापासून जपावं लागतं: एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, स्कूटीवर स्कार्फ, आणि दुपारी शेतात किंवा बाजारात फिरणं टाळणं. यावलहून केळीच्या बागेतून येणारी ताई आणि एसी ऑफिसातून येणारी ताई, दोघींना एकच सेटिंग लावता येत नाही.

एक खास आपल्याकडची गोष्ट. गावाकडच्या अनेक बायकांच्या हनुवटीवर, हातावर गोंदण असतं. गोंदणातला रंग लेझर जोरात शोषतो आणि तिथे खोल भाजतं. गोंदण, टॅटू आणि तीळ यांच्यावर शॉट द्यायचा नाही. मेंदी असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं.

३. काय बिघडू शकतं आणि कोणाला थांबवायचं

थोडी लाली, मुळाभोवती हलकी सूज, चटका बसल्यासारखं वाटणं हे सहसा एक-दोन दिवसांत जातं. काळजीचे प्रकार हे:

- भाजणं आणि डाग. कारणं वर सांगितली. उपाय म्हणजे आधी टेस्ट पॅच. छोट्या जागेवर शॉट देऊन काही दिवस वाट बघायची. "ताई घाईत आहेत" म्हणून टेस्ट पॅच सोडायचा नाही.
- डोळे. लेझर डोळ्यात गेलं तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा हवा आणि तो त्याच तरंगलांबीचा हवा. साधा काळा गॉगल चालत नाही. भुवईखालच्या खोबणीत, पापणीजवळ लेझर करायचं नाही.
- उलट केस वाढणं. काही स्त्रियांना, विशेषतः चेहऱ्यावर आणि सावळ्या त्वचेला, लेझरनंतर केस कमी होण्याऐवजी वाढतात. प्रमाण कमी आहे, पण हे आधी सांगितलं नसेल तर गिऱ्हाईक तुम्हालाच दोष देणार.
- बधिर करणारं क्रीम. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला. लेझरने केस काढण्याआधी पायांना सुन्न करणारं क्रीम भरपूर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी, एक २२ वर्षांची आणि एक २५ वर्षांची, मरण पावल्या होत्या. औषध रक्तात उतरलं होतं. मोठ्या भागावर क्रीम थापून ते झाकून ठेवणं हा पार्लरमध्ये करायचा उद्योग नाही.
- धूर. केस जळताना येणारा धूर रोज श्वासात जाणं तुमच्या मुलींसाठी वाईट. खोलीला एक्झॉस्ट हवाच.

आणि एक गोष्ट मशीनपेक्षा मोठी. एखाद्या मुलीच्या हनुवटीवर, पोटावर एकदम जाड केस यायला लागले, पाळी अनियमित आहे, वजन आणि मुरुमं वाढताहेत, तर ते पीसीओएसचं लक्षण असू शकतं. तिला लेझरची नाही, आधी डॉक्टरची गरज आहे. उपचार न घेता लेझर केलं तर केस परत येत राहतील आणि आजार मात्र लपून राहील. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशा मुलीला दाखवता येतं. "ताई, आधी तपासून ये" हे वाक्य तुम्ही आजच, मशीन नसतानाही, म्हणू शकता.

गरोदरपणात हे पुढे ढकलतात, कारण त्या काळातल्या सुरक्षिततेवर पुरेसा अभ्यास नाही. मुरुमांच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील, नागीण वारंवार येत असेल, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असेल, तर निर्णय डॉक्टरांचा. तुमचा नाही आणि डीलरचा तर अजिबात नाही.

दोन भीती मात्र काढून टाका. "लेझरने कॅन्सर होतो" आणि "मूल होत नाही". हा प्रकाश एक्स-रेसारखा नसतो, काही मिलिमीटरच आत जातो आणि गर्भाशयापर्यंत पोचत नाही. योग्य हातात ही सुरक्षित प्रक्रिया आहे. सगळा प्रश्न "योग्य हात" कोणाचा, हा आहे.

४. कायदा काय म्हणतो?

आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएडीव्हीएलच्या, मार्गदर्शक सूचना या कामासाठी प्रशिक्षित डॉक्टर गृहीत धरतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ नुसार नोंदणी नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. कोणाला लेझर चालेल, कोणतं सेटिंग लावायचं, फोड आला तर कोणतं औषध द्यायचं, हे सगळे वैद्यकीय निर्णय आहेत. दोन दिवसांच्या सर्टिफिकेटने ते अधिकार मिळत नाहीत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांट आणि सौंदर्य-शस्त्रक्रियांबद्दल सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून अशी कामं सुरू करणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. तो नियम डॉक्टरांसाठी आहे. डॉक्टरला जे चालत नाही, ते आपल्याला कसं चालेल? आणि मीही व्हिडिओतून शिकवतो, म्हणून स्पष्ट सांगतो: माझा व्हिडिओ बघून मशीन चालवायचं नाही. मी फक्त धंद्याचा हिशोब शिकवतो.

मशीनची बाजू वेगळी. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये उपकरणांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. आयात किंवा उत्पादनाच्या परवान्याचा नंबर आणि उपकरणाचा वर्ग डीलरकडून लेखी मागा. "सगळे असंच घेतात" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

जाहिरातीचंही लक्षात असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने व्हीएलसीसी आणि काया या दोन मोठ्या नावांना प्रत्येकी ३ लाख रुपये दंड केला. प्रकरण चरबी कमी करणाऱ्या मशीनचं होतं. अमेरिकन एफडीएची मान्यता मर्यादित वापरासाठी होती आणि जाहिरातीत दावा त्याहून मोठा होता. तुमच्या बॅनरवर "यूएस एफडीए मान्यताप्राप्त" छापायचा मोह झाला की हे आठवा.

५. आता वही-पेन घ्या

काया स्किन क्लिनिकचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. २००२ मध्ये ते मुंबईत सुरू केलं मॅरिकोने. हो, जळगाव एमआयडीसीत कारखाना असलेलीच मॅरिको. मोठी कंपनी, पैसा, मुंबईची बाजारपेठ आणि त्वचारोगतज्ज्ञ हाताशी असूनही काया अनेक वर्षं तोट्यात होती. यावरून समजा की गिऱ्हाईक असलं म्हणजे नफा असतोच असं नाही.

आपलं छोटं गणित करू. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा मशीन ७ लाख, आणि एसी, स्टॅबिलायझर, खोलीचं काम १ लाख. एकूण ८ लाख कर्ज, ३ वर्षं, १४ टक्के व्याज. दरमहा खर्च असा:

- हप्ता: साधारण २७,३००
- भाड्याचा वाटा: ६,०००
- वीज: ४,०००
- डॉक्टरांची फी, महिन्यात ८ दिवस, रोज २,५००: २०,०००
- मदतनीस मुलीचा पगार: १२,०००
- जेल, चष्मे, स्वच्छता: २,७००
- दुरुस्ती, विमा: ४,०००

एकूण ७६,०००. सरासरी सिटिंग १,२०० रुपयांचं धरलं तर फक्त खर्च निघायला महिन्याला ६४ सिटिंग लागतात. डॉक्टर आठ दिवस येणार, म्हणजे रोज आठ. यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेला नाही.

पुढे बघा. एक गिऱ्हाईक साधारण सात सिटिंग घेतं आणि संपतं. म्हणजे हे चक्र चालू ठेवायला दर महिन्याला किमान नऊ-दहा नवीन बायका आणाव्या लागतात. थ्रेडिंगची ताई पंधरा दिवसांनी परत येते, वर्षानुवर्षं. लेझरची ताई काम नीट झालं तर परत येत नाही. पार्लरचा धंदा आणि हा धंदा यात एवढा फरक आहे.

समोरच्या गल्लीत कोणी "सिटिंग फक्त ५००" लावलं आणि तुम्हीही लावलंत, तर ७६,००० साठी १५२ सिटिंग लागतील, रोज १९. मग लोक काय करतात? आधी डॉक्टर बंद करतात, मग टेस्ट पॅच, मग दोन शॉटमधला थांबायचा वेळ. बाईचा गाल भाजतो तो अशा हिशोबातून.

अजून दोन सूचना.

पॅकेजचा ॲडव्हान्स ही कमाई नाही. सहा सिटिंगचे पैसे आज घेतले, तर पाच सिटिंगचं देणं तुमच्या डोक्यावर आहे. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि सिटिंग झालं की तेवढेच काढा. मशीन बंद पडलं तर परत द्यायला पैसे हवेत.

सीझन उलटा आहे. आपल्याकडे आखाजीच्या आसपास लग्नं जोरात असतात. नवरीला वाटतं लग्नाआधी पंधरा दिवस आलं की झालं. तसं होत नाही. मे महिन्याचं लग्न असेल तर सिटिंग दिवाळीलाच सुरू व्हायला हवं. आणि ऐन उन्हाळ्यात रापलेल्या त्वचेमुळे अनेकींना थांबवावं लागतं. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून दिवाळी ते मार्चच्या कमाईतून चार महिन्यांचे हप्ते बाजूला काढायचे.

६. मग करायचं काय? तीन रस्ते

पहिला: मशीन न घेता पार्लर मजबूत करा. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्रायडल. लेझर विचारणाऱ्या ताईला खरी माहिती द्या आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. पण डॉक्टरकडे "कट" मागू नका. डॉक्टरांच्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे. तुम्हाला मिळतो तो विश्वास, आणि ब्रायडलचं काम त्याच विश्वासावर येतं.

दुसरा: डॉक्टरांसोबत रीतसर क्लिनिक. वैद्यकीय जबाबदारी, तपासणी आणि सेटिंग डॉक्टरांचं. जागा, अपॉइंटमेंट, हिशोब, स्वच्छता, मदतनीस हे तुमचं. पैशांची विभागणी भाडं आणि व्यवस्थापन फी अशी ठरवा, प्रति पेशंट कमिशन नको. करार लेखी, वकील आणि सीए दोघांना दाखवून. डॉक्टर नसतील त्या दिवशी मशीनला कुलूप, हे कलम त्यात घाला.

तिसरा: आधी शिका, मग ठरवा. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये सहा महिने मदतनीस किंवा मॅनेजर म्हणून काम करा. किती बायका येतात, किती मध्येच सोडतात, उन्हाळ्यात काय होतं, हे पगार घेऊन शिकता येईल.

दुसरा रस्ता घेतलात तर भांडवलासाठी जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. उद्यम नोंदणी करून घ्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जात असेल तर जीएसटी नोंदणी लागते. कोणता दर लागू होईल ते सीएला विचारा.

७. मशीन असलं-नसलं तरी भिंतीवर लावायची यादी

गिऱ्हाईक ताईंनी लेझरच्या जागी जाऊन विचारायचे प्रश्न:

1. डॉक्टर कोण? त्यांचा नोंदणी क्रमांक कुठे लावलाय?
2. मशीन कोणतं? लेझर की आयपीएल?
3. टेस्ट पॅच करणार का?
4. माझी पाळी, गोळ्या, आजार याबद्दल कोणी विचारलं का?
5. मला आणि करणाऱ्या व्यक्तीला योग्य चष्मा आहे का?
6. संमतीपत्र मराठीत आहे का, आणि त्यात धोके लिहिलेत का?
7. फोड आला तर रात्री कोणाला फोन करायचा?

यातल्या एकाही प्रश्नाला टोलवाटोलवी झाली तर उठून यायचं. ही यादी छापून लावणारं पार्लर बायकांच्या लक्षात राहतं, आणि छपाईचा खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: तुमच्या नियमित गिऱ्हाइकांपैकी ५० जणींना विचारा, लेझरसाठी सहा महिन्यांत किती खर्च कराल? "हो, करायचंय" हे उत्तर मोजू नका, रक्कम लिहा.

दोन: वरचा खर्चाचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. डॉक्टरांची ओळ शून्य ठेवायची नाही. ती शून्य केल्याशिवाय तक्ता नफ्यात येत नसेल, तर हा धंदा सध्या तुमच्यासाठी नाही. त्यात कमीपणा काही नाही, आठ लाख वाचले.

तीन: डीलरला परवाना क्रमांक, तरंगलांबी, कूलिंगची पद्धत आणि भुसावळला इंजिनिअर किती दिवसांत येईल, हे चार प्रश्न लेखी पाठवा. उत्तर यायला किती दिवस लागतात तेही लिहून ठेवा. विक्रीनंतर सर्व्हिस कशी मिळेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

पुढच्या धड्यात वैद्यकीय भागीदारीचा करार कसा लिहायचा ते कलमवार बघू. तोपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि टोकन तर मुळीच देऊ नका.